उशी द्यावी की न द्यावी, याविषयी

वारजे, पुणे

चि. अपूर्वा हीस यज्ञेश्वरकाकाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम आहे; अपवाद तुझ्या काकूच्या उजव्या गुडघ्याचा. लीड्सला तुम्हा उभयतांची प्रकृती उत्तम असावी, असे गृहीत धरतो (तू कळवत नाहीस, म्हणून गृहीत धरावे लागते). या पत्राने मला एकच गोष्ट सिद्ध करावयाची आहे: पद्मजाने गुडघ्याची शस्त्रक्रिया ऐन वेळी रद्द केली, यात माझा काडीचाही दोष नाही.

चाळीस वर्षे तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाने बायकोच्या पाठीत सुई टोचू देण्यापूर्वी चौकशी करू नये काय? ती मी केली. तू भूलतज्ज्ञ, म्हणून प्रथम तुला विचारले. तू लिहिलेस की, तुम्ही इंग्लंडात रोग्याला पाठीत सुई देऊन कमरेखाली बधिर करता आणि नंतर लवकरच उशीला टेकवून चहा पाजता. माझा भाचा शौनक जर्मनीत आहे. त्याच्या गुडघ्याच्या वेळी पाठीला कोणी हातच लावला नाही, यंत्रात पाहून मांडीतल्या नसेजवळ औषध सोडले. माझे जुने सहकारी दत्तप्रसाद यांना इथल्याच मांजरी गावात पाठीतच सुई दिली, पण नंतर चोवीस तास उशीविना उताणे ठेवले. मान उचललीत तर डोके धरून बसाल, असा परिचारिकेचा दम. (मांजरी हा स्वतंत्र देश नव्हे, हे मला ठाऊक आहे. दत्तप्रसादांना नाही.)

मनुष्याचा कणा एकच, रीती तीन! मी कोष्टक केले. रकाने असे: सुईची जागा, उशी, चहा. ते लॅमिनेट करून घेतले, पद्मजाला वाचायला दिले आणि शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी इथल्या भूलतज्ज्ञ डॉ. उत्कर्षा यांच्यापुढे ठेवले. बाईंनी ते संपूर्ण वाचले, हे त्यांच्या बाजूने नमूद करतो.

"आजोबा, ऑपरेशन तुमचं की आजींचं?"

प्रश्न व्यक्तीचा नसून पद्धतीचा आहे, असे मी सांगितले.

"मग उद्या पद्धतीला टेबलावर घेऊ का?" असे म्हणून त्या पद्मजाकडे वळल्या. "आजी, सुई अगदी बारीक असते. उशी मी देते. झालं?"

झाले नाही, असे मी म्हणालो. उशी देण्यास आधार कोणता? देशोदेशी एकवाक्यता नसताना एका व्यक्तीचा शब्द प्रमाण कसा मानावा? (हा आक्षेप मला अजूनही निर्दोष वाटतो.) पद्मजाने आपली फाईल उचलली. ती उठली. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "जगातल्या डॉक्टरांचं आधी एकमत होऊ दे. मग मी पाठ देते."

यास तीन आठवडे झाले. ती जिना तिरकी होऊन, कठडा धरून उतरते. काल हट्टाने मंडईत गेली आणि परतताना दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर पाव तास बसून राहिली. मी पिशवी घेण्यास हात पुढे केला. "तुम्ही तुमचं कोष्टक धरा," म्हणाली, आणि पिशवी दिली नाही.

सारांश, मी केवळ माहिती पुरवली. निष्कर्ष सर्वस्वी तिचा. माझे विधान सिद्ध झाले, असे मी समजतो.

तुझा,
यज्ञेश्वरकाका

ता. क. रविवारी काकूला फोन कर. माझी साक्ष तिने अग्राह्य ठरवली आहे. तुझे ती ऐकेल. डॉ. उत्कर्षा यांनी पुढच्या गुरुवारची वेळ सोमवार सायंकाळपर्यंत राखून ठेवली आहे (मी विनंती केली, हे काकूला सांगू नये). उशीचा विषय काढू नकोस.

आणखी ता. क. एक चूक झाली, ती कबूल करतो. ज्या बाबींत मतभेद दिसला, तेवढ्यांचेच मी रकाने आखले. तुझे रोगी, शौनक आणि दत्तप्रसाद, सगळे आज आपल्या पायांनी नीट चालतात, हे तुम्ही तिघांनीही लिहिले होते. त्यावर वाद नव्हता, म्हणून त्याला रकाना मिळाला नाही, आणि पद्मजाने ते वाचले नाही.

(सही) यज्ञेश्वर