उतारावर इंजिन बंद

४ फेब्रुवारी
गाडी घेतली. आठ सिलिंडर, साडेचारशे हॉर्सपॉवर, दोन दारं. सेकंडहँड आहे, पण बॉनेट उघडल्यावर असलं काही सुचत नाही. विकणारा दातांचा डॉक्टर. चावी देताना त्याने दोनदा विचारलं, नक्की ना? जीव अडकला असणार गाडीत.
बायकोला सांगितलं, अ‍ॅव्हरेज आपल्या जुन्या गाडीएवढंच पडेल. ती म्हणाली, डॉक्टर तर लिटरला पाच म्हणत होता. डॉक्टरला चालवता येत नसेल.

५ फेब्रुवारी
मेहुणा गाडी बघायला आला. त्याची गाडी म्हणजे चाकं लावलेली इस्त्री, आणि बोलायला विषय एकच: लिटरला बावीस. मी मनात त्याला बावीसच म्हणतो. गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, भाऊजी, पेट्रोल पंप दिसला की ही न सांगता आत वळेल. बायको हसली. तिने हसायला नको होतं.
जेवताना जाहीर केलं, मार्चअखेर याच गाडीतून पंधरा काढून दाखवीन. पंधराच का म्हणालो माहीत नाही. तोंडातून गेलं. आता गेलं ते गेलं.

७ फेब्रुवारी
थिअरी सापडली, तीही शोरूममध्ये, रोजच्या जागी बसल्या बसल्या. मी जे नळ विकतो त्यांच्या तोंडाशी जाळी असते. ती पाण्यात हवा मिसळते. पाणी अर्धं, धार तेवढीच. गिऱ्हाईक धारेखाली हात धरतं आणि खूश होऊन जातं. ताकद आणि बचत एकत्र नांदतात हे मी इतकी वर्षं लोकांना पटवतोय, मग गाडीतच का नाही? पेट्रोल इंजिन पीत नाही, चालवणाऱ्याचं अज्ञान पितं. वाक्य चांगलं जमलं. बावीसला ऐकवायचं.

११ फेब्रुवारी
वजन कमी करण्याचा दिवस. स्टेपनी, जॅक, पाने, सगळं माळ्यावर. मागची सीटही काढली. बायकोने विचारलं, लेक सुट्टीत आली की कुठे बसणार? लेक हॉस्टेलवर आहे. आधीची जड बॅटरी काढून छोटी, हलकी बसवली. सकाळी पहिल्या चावीला कुरकुरते, पण सकाळी माणूसही कुरकुरतो. टायरमध्ये हवा ठासून भरली. बायको म्हणते, रस्त्यावरचा खडा न् खडा मणक्यात कळतो. म्हणजे घर्षण कमी झालं.
सात पडले.

१८ फेब्रुवारी
मोठा शोध. दर रविवारी सासूबाईंकडे जातो, मध्ये घाट. उतरताना इंजिन चालू ठेवायचंच कशाला? वरच्या वळणावर न्यूट्रल केली आणि चावी फिरवली. काय ती शांतता. साडेचारशे घोडे झोपलेले आणि गाडी पळतेय. पहिल्यांदाच टायरचा आवाज ऐकला. वाऱ्याचा ऐकला. बायकोच्या श्वासाचाही ऐकला. तिने विचारलं, बंद पडली का? म्हणालो, बंद केली. त्यानंतर खाली पोचेपर्यंत ती बोलली नाही. तिलाही शांतता आवडली असावी.
ब्रेक जरा कडक वाटला. सवय नाही अजून.

२० फेब्रुवारी
गॅरेजवाल्याला ब्रेकचं सहज विचारलं. इंजिन बंद ठेवून घाट उतरतो म्हटल्यावर आधी हसला. मी हसत नाही हे बघून तोही थांबला. म्हणाला, "साहेब, इंजिन बंद असलं की ब्रेकला मदत मिळत नाही. एक-दोनदा लागेल. मग तुमचा पाय आणि तुमचं नशीब." वर सांगितलं, ती छोटी बॅटरीही बदला. गॅरेजवाला काहीतरी बदलायला सांगणारच.
तरी मुद्दा घेतला. पाय मजबूत करायचे. उद्यापासून रोज पन्नास बैठका.

२१ फेब्रुवारी
बैठका अकरा. गुडघा.

२२ फेब्रुवारी
गुडघा.

४ मार्च
नवं तंत्र. ट्रकच्या मागे चिकटून गेलं की हवेचा विरोध तो खातो, आपण फुकटात. ट्रकवाल्याने दोनदा हात बाहेर काढून काहीतरी खूण केली. मीही हात केला.
बायको हल्ली निघताना गॅस दोनदा बघते आणि घराची किल्ली शेजारणीकडे देऊन येते. पूर्वी देत नव्हती. विचारलं, तर म्हणाली, असू दे. वय झालं की माणूस शंकेखोर होतो.
अकरा पडले. बावीसला फोन केला. त्याने विचारलं, भाऊजी, ताई गाडीत असते का? असते म्हटलं. जळतोय.

११ मार्च
घाटात खालच्या वळणांवर जळका वास. बायको म्हणाली, ब्रेकचा आहे. मी म्हणालो, कुणीतरी कचरा जाळत असेल. खाली थांबल्यावर चाकाजवळ हात नेला, धरवेना. उन्हात गाडी तापतेच. आज ऊन नव्हतं, पण काल होतं.

१८ मार्च
बायको बसने गेली. मी मागून एकटाच गाडीने. सासूबाईंनी दोघांना वेगवेगळं दारात बघितलं. बायकोने परतीचंही तिकीट काढून ठेवलं होतं.
चौदा. एकच राहिला.

२५ मार्च, सकाळ
सासूबाईंना बरं नाही. पहिली बस गेली, पुढची दुपारी, बावीस परगावी. बायको गाडीने यायला तयार झाली. दाराशी थांबून म्हणाली, "इंजिन बंद करणार नाही म्हणा." म्हणालो. मनापासून म्हणालो.
घाटाच्या तोंडाशी पंप आहे, तिथे टाकी काठोकाठ भरायची, म्हणजे मोजायला सोपं. आज पंधरा होऊन जातील. पण शब्द म्हणजे शब्द. फार तर शेवटचा उतार, तोही तिला डुलकी लागली तर.

२८ मार्च
तीन दिवस लिहिता आलं नाही. कपाळाला टाके आहेत, डोकं खाली केलं की ठणकतं.
तिला डुलकी लागली होती. वळणापुढे ट्रक उभा असेल हे कुणाला माहीत? उभा करायची ती जागाच नव्हे. पहिला ब्रेक लागला. दुसराही लागला. तिसऱ्याला पायाखाली जणू दगड. चावी फिरवली. बॅटरी नुसती कट् म्हणाली. शांततेनेच तिला जाग आली असणार. तिने ट्रककडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.
मी डोंगराच्या बाजूला घातली. डोंगर तिच्या बाजूला होता. दुसरीकडे दरी होती, म्हणजे निर्णय बरोबरच.
तिचा हात दोन ठिकाणी मोडला. खुब्याचं ऑपरेशन झालं. चालायला लागेल, डॉक्टर म्हणाले. कधी, ते म्हणाले नाहीत.

३० मार्च
पोलीस वॉर्डात येऊन गेला. मी सांगितलं, इंजिन अचानक बंद पडलं. त्याने तिला विचारलं. ती म्हणाली, मी झोपले होते. तो गेल्यावर तिने छताकडे बघत म्हटलं, "पोलिसांपुरतं झोपले होते."
सासूबाई बऱ्या आहेत. साधा ताप होता.

५ एप्रिल
मेहुणा रोज हॉस्पिटलमध्ये. रात्रीही तोच थांबतो. मला चहा आणून देतो, औषधांच्या वेळा सांगतो. गाडीचा विषय नाही. बावीस हा शब्द नाही. एकदा तरी म्हणायला हवा होता. माझं उत्तर तयार होतं.

१६ एप्रिल
तिला घरी आणून चार दिवस झाले. लेक हॉस्टेलवरून आलीय, सगळं तीच बघते.
सकाळी गॅरेजवाल्याचा फोन. गाडी भंगारातच जाणार, पण टाकी जवळजवळ भरलेली निघाली. पेट्रोल मोजून काढलंय, बाकीचं बिलात वळतं केलं, वीस लिटरचा एक डबा उरलाय, घेऊन जा, इथे ठेवणं धोक्याचं. गेलो. डबा चांगलाच जड. पेट्रोल आहे म्हटल्यावर बसवाल्याने पायरीवरूनच खाली उतरवलं. चालत निघालो. हात बदलत बदलत शेवटच्या फेरीचं गणित केलं. सोळा पडतात. पुन्हा केलं. सोळाच. रस्त्यात ओळखीचे दोघे भेटले. त्यांना काही सांगितलं नाही.
लेकीने दार उघडलं. डब्याकडे बघून म्हणाली, "बाबा, हा आत नको. वास आला की आई थरथरते." विचारलं, आई काही म्हणाली का, म्हणजे माझ्याबद्दल? लेक म्हणाली, नाही. दार लावून घेतलं तिने, पण आवाज न करता.
डबा पायरीवर ठेवला. पेट्रोल असं उघड्यावर सोडून जाणं बरं नाही, म्हणून मीही इथेच बसलोय.