ऋतुजाच्या दाढेविषयी

६ जानेवारी
मी, लिंबाजी गंगाराम काळे, वय बहात्तर, चौथी पास, राहणार सिरसाळा, बाजारात बैलाचे दात पाहून वय सांगणारा, खरे तेच लिहितो. मुलगा व सून ऊसतोडीस गेले आहेत. नात ऋतुजा, वय सात, माझ्या हवाली. शाळेत मुलांच्या दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. तिच्या मागच्या दाढेत कीड दाखवली. म्हणे परळीस आणा, भरून देऊ. दुधाचा दात भरायचा? संशय.

८ जानेवारी
शेजारी रशीदभाई मेकॅनिक यांच्या गाडीवर परळीस गेलो. बाई माझ्याआधी पोरीशी बोलल्या. आरसा तिच्या हाती दिला, फिरते यंत्र नखावर फिरवून दाखवले. पोर हसली. गिऱ्हाईक वश करण्याची ही रीत मी बाजारात पुष्कळ पाहिली आहे.
"आजोबा, ही कायमची दाढ आहे. उपटली तर पुन्हा येणार नाही."
"आधीचा दात पडल्यावाचून ही आली कोठून?"
"ही मागे, नव्या जागेत येते. सहाव्या वर्षाच्या सुमारास."
पटले नाही. परत आलो.

९ जानेवारी
पोर जेवली नाही. सुनेचा फोन. "मामा, लई दुखत असंल तर उपटून टाका की. दुधाचीच हाय न्हवं?"
"होय," म्हणालो. बाई कायमची म्हणतात, ते सांगितले नाही.

१० जानेवारी
गल्लीतील पोरांची तोंडे उघडून पाहिली. रशीदभाईंची बायको ओरडली, "चाचा, माझं पोरगं बैल हाय का?"
रशीदभाई म्हणाले, "शेपटी बी बघून घ्या!"
पोराचे पुढचे दात पडलेले. मागे मोठी दाढ. त्याच्या आईला विचारले, तेथला दात कधी पडला होता? "कदीच न्हाई." बैलाचे आम्ही पुढचेच दात पाहतो. दाढा कोण पाहतो? तरीही...

१२ जानेवारी
पुन्हा परळी. एक्स-रे माझ्यासमोर निघाला. पुढच्या दाढांखाली नवे दात तयार. किडक्या दाढेखाली काही नाही. तरी विचारले, "हा फोटो हिचाच कशावरून?" बाई रागावल्या नाहीत. रशीदभाई रागावले. "आता गप बसा की, चाचा!"
ऋतुजाने आपणहून तोंड उघडले. मी म्हणालो, भरा.
भरली. बाकीच्या दाढांच्या खाचाही बुजवल्या, कीड धरू नये म्हणून. कीड दाढेच्या आतल्या नसेला पोचली आहे का, ते काही दिवसांनी कळेल म्हणतात. पक्के बोलत नाहीत.
सुनेला फोन केला. "कायमची आहे." तिने विचारले, "वाचंल ना, मामा?" बाईंचे म्हणणे जसेच्या तसे सांगितले.
या वेळी हजर: डॉक्टरीणबाई, रशीदभाई, आणि ऋतुजा. तोंडात कापूस असल्याने तिचे म्हणणे घेता आले नाही.