तेरड्यासाठी अंधार

८ जून, रविवार
जेवताना आईंनी (सासूबाईंनी) जाहीर केलं. यंदा फुललेला तेरडा नसेल तर पुढच्या वर्षीपासून गौर इथे बसणार नाही. मुखवटा ठाण्याला, धाकट्या जाऊबाईंकडे. आणि मुखवट्यामागोमाग त्याही. "गौर जिथे, तिथे मी." नि. खाली मान घालून भात कालवत राहिला. नवरा गुणी आहे, पण आईपुढे तोंडात मिठाची गुळणी.

गेल्या वर्षी दुकानातल्या फुलांच्या जुडीला मुखवटा बांधला होता. आईंनी आरती म्हटली, पण नीट जेवल्या नाहीत. आमच्यात गौर म्हणजे मुळासकट उपटलेला तेरडा. पेणला घरामागे कुणी न लावता उगवायचा. इथे परदेशात, सेम्बावांगच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकाही खिडकीत ऊन येत नाही, आणि कॉरिडॉरमध्ये कुंड्या घरमालकाला चालत नाहीत.

उगवून दाखवते. कपाटात तर कपाटात.

१० जून
नर्सरीतून बी आणलं. पाकिटावर गुलाबी तेरड्याचं चित्र. आईंनी चष्म्यातून निरखून पाहिलं. "हाच. पण येईल तेव्हा खरं."

१५ जून, रविवार
हॉलमधल्या कपाटात वरच्या फळीवर देव आणि त्यांच्यापुढचा लाल बल्ब, खाली दोन कप्पे रिकामे. तिथे आता आतून चंदेरी कागद, मागे जुन्या कॉम्प्युटरचा पंखा, वर एलईडी. फळ्या पट्ट्यापट्ट्यांच्या, मध्ये फटी, त्यामुळे हवा खेळती राहते. दुकानात याला बुटांचं कपाट म्हणतात हे आईंना अजून कुणी सांगितलेलं नाही. मीही सांगणार नाही.

२२ जून
कोंब आले. बारीक, लांबुडके, आजारातून उठल्यासारखे. दिवा फार उंच होता. वीतभर अंतरावर आणला.

नेटवर कपाटात रोपं वाढवायची जेवढी माहिती आहे ती सगळी एकाच, नशेच्या झाडाची, आणि त्या झाडाचं नाव या देशात मोठ्याने घ्यायची सोय नाही. वाचताना उगाच मागे वळून बघते. मिहू म्हणाली, "मम्मी, युअर सर्च हिस्टरी व्हेरी डेंजरस लाह." आठवीतली पोरगी मला शिकवणार.

२९ जून
व्हायचं तेच झालं. एलईडी जांभळा, संध्याकाळी खिडकीतून समोरच्या ब्लॉकपर्यंत उजेड. शेजारच्या आँटी दारात. "आय्यो, व्हॉट यू ग्रोइंग इनसाइड? प्लीज टेल मी इज नॉट दॅट वन, आह." हात धरून आत आणलं, कपाट उघडून दाखवलं. त्यांनी पान चुरगळून पाहिलं आणि एकदम हसल्या. त्यांची आई याच्या फुलांनी नखं रंगवायची म्हणे. आईंनी त्यांना चहा दिला. भाषा एक नाही, तरी दोघी तासभर बोटं दाखवत बसल्या.

तरी जांभळा दिवा काढून पांढरा लावला. उगाच कुणाच्या जिवाला घोर नको.

१३ जुलै
रोपं गुडघ्याला लागतील एवढी. देठ लालसर, रसरशीत. अंगात ताकद आली, आता फुलं.

तेरड्याला रात्र मोठी लागते. अंधार भरपूर मिळाला की त्याला कळतं, फुलायची वेळ झाली. म्हणजे एवढे दिवस मी उजेड जास्त देत होते ते वाढीसाठी ठीक, आता उलटं. टायमर बदलला. दिवसा दहा तास उजेड, बाकी मिट्ट काळोख. आईंना समजावलं. "श्रावण सरता सरता दिवस लहान होतात, तेच ना?" हो, तेच. मी चार रात्री वाचून शोधलं ते.

२ ऑगस्ट
एक कळी नाही. हिरवं रान आहे नुसतं. आई रोज सकाळी फुलं वाहतात आणि जाता जाता खालच्या कप्प्याकडे बघतात.

नि. म्हणाला, "अगं, एवढं मनाला लावून घेऊ नकोस. आई गेली तर दिवाळीला येईलच." भांडले. त्याला काय कळतंय. तो ऑफिसात, मिहू शाळेत आणि मोबाइलमध्ये. मी घरून काम करते, दिवसभर स्क्रीनवर इंग्रजी. दुपारी कोशिंबिरीला फोडणी देऊ का असं विचारणारं माणूस म्हणजे आई. मला त्या जायला नको आहेत. गौरीच्या निमित्ताने मी त्यांनाच धरून ठेवते आहे. लिहून ठेवलं एकदाचं.

३ ऑगस्ट, रविवार
सापडलं!

भरदुपारी हॉलचे पडदे ओढले, एलईडी बंद केला, डोकं कपाटात घातलं आणि खांद्यावरून जाड चादर घेतली. नि. ने मला त्या अवस्थेत पाहिलं आणि आल्या पावली परत गेला. डोळे सरावले तेव्हा दिसलं, पानांवर लाल पट्टे. वरच्या फळीच्या फटींतून. देवांपुढचा तो लाल बल्बचा छोटा विजेचा दिवा. दिवसरात्र चालू. वाचलेलं आठवलं, रात्र मोडायला लाल उजेड सगळ्यात वाईट.

म्हणजे माझ्या तेरड्याला आजवर एकही रात्र मिळालेली नाही.

६ ऑगस्ट
फटींवर काळा पुठ्ठा लावला होता. हवा कोंडली, पानांवर पांढरी भुरी. काढला. पानं पुसत बसले.

देव हलवायचे का, असं आईंपुढे नुसतं पुटपुटले. "चातुर्मासात बसवलेले देव हलवत नाहीत." विषय संपला.

दिवा बंद करा हे बोलायची छाती नाही. बाबा (सासरे) गेले त्या दिवशी आईंनी तो लावला. पेणचं घर विकलं तेव्हा शेवटी तो काढला, आणि इथे उतरल्यावर बॅगेतून सगळ्यात आधी तोच बाहेर आला.

९ ऑगस्ट
आज बोलले. बाहेर नॅशनल डेची विमानं घिरट्या घालत होती, त्या आवाजात बोलायला बरं पडलं. फटी दाखवल्या, लाल पट्टे दाखवले. फक्त रात्रीपुरता, आई.

त्यांनी माझ्याकडे नाही, दिव्याकडे बघितलं. मग आत जाऊन पडल्या. संध्याकाळी जेवल्या नाहीत. मला माझीच चीड आली. एका फुलासाठी म्हाताऱ्या बाईला काय मागितलं मी.

१० ऑगस्ट, रविवार
सांजवात झाली, शुभं करोति झालं. आईंनी पदराने बल्ब पुसला आणि स्वतःच्या हाताने बटण बंद केलं.

"यांनाही उजेडात झोप यायची नाही. रोज मला ओरडायचे, दिवा घालव म्हणून."

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

२४ ऑगस्ट
कळ्या! पानांच्या बेचक्यांत, बाजरीच्या दाण्याएवढ्या. आईंना हाक मारली तर गॅस तसाच ठेवून आल्या, दूध उतू गेलं. आँटींनाही बोलावून दाखवल्या.

२७ ऑगस्ट
गणपती बसले. उकडीचे मोदक दोन फुटले, ते नि. ने खाल्ले. कळ्या टपोऱ्या, पण हिरव्याच.

जाऊबाईंचा फोन. मुखवटा कधी पाठवताय, गौरी झाल्यावर का आधीच? आई म्हणाल्या, "बघू." जूनमध्ये "बघू" नव्हतं.

३० ऑगस्ट, शनिवार
उद्या गौरी यायच्या. संध्याकाळी टायमर बंद व्हायच्या आधी शेवटचं पाहिलं. एका कळीच्या टोकाला गुलाबी रेघ आहे. मला दिसते, नि. ला दिसते, मिहू म्हणते "मेबी". उमलेल की नाही सांगता येत नाही.

आईंनी चिंच लावून मुखवटा घासला. लखलखीत. पुसून पुन्हा लाकडी डब्यात ठेवला, आणि डबा बॅगेत न ठेवता पलंगावर उशीशी ठेवला.

मग देवांपुढचा दिवा बंद केला. मी कपाटाची दारं लोटत होते तर म्हणाल्या, "सकाळी मी उठल्याशिवाय उघडू नकोस हं. दोघी मिळून बघू."