चौथ्या मजल्यावरचे शर्ट

८ सप्टेंबर ९६, रवि.
गुडगावला येऊन महिना होत आला, खोकी अजून उघडतेच आहे. दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये भिंतीपलीकडचा खोकलासुद्धा ओळखू यायचा. इथे आमच्या आणि समोरच्या टॉवरमध्ये मोजकीच बिऱ्हाडं आलीत, बाकी खिडक्यांना काचाही नाहीत.
नवी रहस्यकथा इथेच घडवायची. आधीच्या दोन्ही पुण्यातल्या. पुण्यात मी राहिले ती कॉलेजपुरती.
समोर चौथ्या मजल्यावर रोज पुरुषाचे शर्ट वाळत असतात. फक्त शर्ट.

११ सप्टें.
तेच शर्ट आलटून पालटून. कॉलर कधी मळकी नाही. बनियन नाही, मोजे नाहीत. त्या घरात पुरुष नाही!
अनंत म्हणाला, लोकांच्या दोऱ्या न्याहाळत बसतेस, कोणीतरी तुझ्यावर कथा लिहील. नवरा म्हणून ठीक, वाचक म्हणून उत्तम.

१५ सप्टें., रवि.
दडपे पोहे घेऊन गेले समोर. वाधवाबाई. शाळेत गणित शिकवायच्या, आता रिटायर. फ्लॅट दोघांनी मिळून बुक केला, ताबा मिळण्याआधीच गेल्या थंडीत नवरा गेला. फरीदाबादचे थोरले दीर म्हणतात फ्लॅट विका, आमच्याकडे राहा. या एकट्या सामान घेऊन इथे आल्या.
शर्टांचं सरळच विचारलं. त्यांनी बाल्कनीचं दार लोटून घेतलं. मग म्हणाल्या, "इतना खाली टावर है. कोई देखे तो समझे, घर में आदमी है."
घरी येऊन चहासुद्धा न घेता प्र. १ लिहायला बसले. सुरुवातीलाच ती बाई मेलेली सापडते. झकास.

१६ सप्टें.
ऑफिसात अनुवादाच्या फायली पुढ्यात आणि डोक्यात एकच. मला बाल्कनीतून कळलं, तर दिवसभर रिकाम्या मजल्यांवर फिरणाऱ्या बिल्डरच्या माणसांना का नाही कळणार?
संध्याकाळी अनंतचे जुने बनियन, एक पँट घेऊन वाधवाबाईंकडे. सांगितलं, शर्ट आधी चुरगाळा. रविवारी जास्त कपडे टाका. एखादा दिवस काहीच नको. त्या हसल्या, पहिल्यांदाच.
जेवताना अनंतला कळलं. "माझे बनियन परक्या बाल्कनीत?" हात धुऊन आपले जुने बूट काढले, तळाला चिखल तसाच होता. म्हणाला, हे दाराबाहेर ठेवायला सांग.

२ ऑक्टो., सुट्टी.
वाधवाबाईंना विचारल्याशिवाय पुढे लिहिणं बरोबर वाटेना. गेले, सगळं सांगितलं. पुस्तक मराठी, इथे कोणी वाचणार नाही, नाव-गाव बदलेन, तरी तुम्ही नको म्हणालात तर फाडून टाकते.
त्यांनी आधी भाजी निवडून संपवली.
"लिख लो. पर मुझे मारना मत."
प्रेताभोवती रचलेली चार प्रकरणं गेली. हो म्हणून आले.

२० ऑक्टो.
मेलेल्या बाईला जिवंत करणं खून करण्यापेक्षा अवघड. दिवाळीचं काही सुचत नाही, चकली विकतची.
पण आज सापडलं. तीच शोध लावते! गणिताची बाई, एकटी, जिला सगळे घाबरट समजतात. मरतो तो बिल्डरचा माणूस. रोज पहाटे दोन पानं, बसच्या आधी.

१४ जाने. ९७, संक्रांत.
हस्तलिखित पाठवलं होतं. आज पुण्याहून प्रकाशकांचा फोन. गोष्ट आवडली, पण गुडगावातला खून कोण वाचणार? कोथरूडला न्या, आणि शोध बाईऐवजी इन्स्पेक्टरला लावू द्या. तेवढं केलं की लगेच छापतो.
म्हटलं, कोथरूडला दुसऱ्याच दिवशी शेजारीण वाटी घेऊन येईल आणि माझं रहस्य तिथेच संपेल. ते हसले. मी हसत नव्हते.
विचार करते म्हणून ठेवला फोन. विचार कसला करायचा...

१६ जाने.
नाही म्हणून कळवलं. स्वतः छापणार. अनंत म्हणाला, पुस्तकांची खोकी ठेवायला माझ्या टेबलाखाली जागा आहे. बास, एवढंच हवं होतं.

८ मार्च, शनि.
दरियागंजच्या प्रेसमधून प्रुफं आली. ऑपरेटर हिंदीवाला, सगळ्या ळ चे ल केलेत. खुनी 'पलाला'. म्हणतो, मैडम, एक ही बात है. त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. पुढचे दोन शनिवारही बसणार. एकही ल राहू देणार नाही.

२० एप्रिल, रवि.
पुस्तकं आली. पुण्या-नागपूरच्या दुकानांना गठ्ठे गेले. कोणाचंच उत्तर नाही अजून. दारावर कुरिअरवाला आला की उठते.
वाधवाबाईंना मराठी येत नाही, म्हणून हिंदी करत करत वाचून दाखवते आहे. आज प्र. ३ संपलं. डोळे मिटून ऐकत होत्या. म्हणाल्या, "वो मिठाईवाला पड़ोसी. वही है ना?"
खुनी तोच आहे. चेहरा कोरा ठेवून म्हटलं, बघू या.
तिसऱ्याच प्रकरणात! बाकीच्यांनाही कळणार का? की या गणिताच्या बाई, म्हणून यांनाच कळलं?
आता छापून झालंय. घरी येऊन नव्या वहीत पुढच्या कथेचं पहिलं वाक्य लिहिलं. खुनी कोण, मलाही ठाऊक नाही. वाधवाबाईंच्या आधी कळला म्हणजे मिळवली.