सीमोल्लंघनाची गाडी

॥ श्री ॥

खिदिरपूर, कोलकाता
१५ सप्टेंबर

प्रिय विहंग,

सप्रेम नमस्कार. इथे सगळ्यांच्या तब्येती ठीक आहेत. अमृताने विनीताला पाठवलेलं मेतकूट पोचलं. दादांनी दोनदा मागून घेतलं आणि कुणी पाठवलं ते विचारलं नाही, म्हणजे त्यांना कळलं असणार.

माझं पत्र बघून तुला नवल वाटेल. तू माझा फोन उचलत नाहीस. विनीताचा, तुझ्या बहिणीचा, उचललास तरी 'बरं' आणि 'बघतो' यापुढे जात नाहीस. शिवाय या घरात फोनवर बोललेलं सगळं दादांना ऐकू जातं. ऐंशी झाली तरी त्यांचे कान उत्तम आहेत. पत्र लिहायला आम्हाला गावच्या शाळेत गुरुजींनी शिकवलं, आधी खुशाली, मग काम. काम तसं मोठं नाही.

दादांच्या मारुतीचं स्टिअरिंग बदलायला काढलं आहे. चाक धरून वर-खाली केलं की हलायचं, किल्लीही अडकायची. गॅरेजवाल्यांवर दादांचा विश्वास नाही हे तुला माहीतच आहे. कस्टम्सच्या लाँचवरची इंजिनं ज्यांनी स्वतःच्या हाताने खोलली, त्यांना गल्लीतला मेकॅनिक काय पटणार? मीच म्हटलं, घरी करू. माझं लहानपण विहिरीवरचं इंजिन खोलण्यात गेलं. आधी चाक काढलं, मग त्याखालचा अख्खा दांडा, ज्याला कॉलम म्हणतात, तोही बाहेर आला. आता तो व्हरांड्यात वर्तमानपत्रावर पडून आहे. दादा येता-जाता त्याला काठी लावून बघतात.

रोज विचारतात, "मधुकर, दसऱ्यापर्यंत होईल ना?" मी म्हणतो, भाग मिळाला की होईल. एवढ्या जुन्या गाडीचा भाग मल्लिकबाजारात शोधत हिंडावं लागतं.

डावा आरसाही तडकला आहे. तो नंतर बघू.

तू दसऱ्याला येशील का? रजा मिळाली तर बघ. विशेष असं काही नाही.

अमृताला नमस्कार.

तुझा,
मधुकर


॥ श्री ॥

खिदिरपूर, कोलकाता
घटस्थापना, २२ सप्टेंबर

प्रिय विहंग,

सप्रेम नमस्कार. आज सकाळी घट बसवले. माती इथलीच, गंगेकाठची, धान्य मात्र विनीताने गावाकडचं जपून ठेवलेलं. गल्लीच्या तोंडाशी मांडव उभा राहिला आहे आणि ढाकवाले सकाळपासून ढोलांवर हात बसवत आहेत.

तुझं उत्तर आलं नाही. मी सगळं लिहिलं नव्हतं, मग उत्तरात तू तरी काय लिहिणार?

भाग मिळत नाही असं मी लिहिलं ते खरं नाही. तो केव्हाच मिळाला. माझ्या कपाटात, थंडीच्या पांघरुणांमागे ठेवला आहे. आणि झिजलं होतं ते कॉलममधलं एक बुश, म्हणजे एक लहानशी कडी. तेवढंच बदललं असतं तर एका दुपारचं काम होतं. मी अख्खा कॉलम काढला, कारण कॉलम नसलेली गाडी कुणाला चालवता येत नाही.

आता आरशाबद्दल. श्रावणात एका संध्याकाळी दादा एकटेच गाडी घेऊन बाहेर गेले होते. परत आले तेव्हा डावा आरसा तडकलेला होता आणि त्याच्या दांडीला एक गमछा अडकलेला होता. लाल चौकटीचा, वापरून मऊ झालेला, घामाचा वास असलेला. मी विचारलं, "दादा, हा कुणाचा?" ते म्हणाले, "वाऱ्याने आला असेल." त्या संध्याकाळी वारा नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी त्या सगळ्या रस्त्याने चालत गेलो. गोदीच्या फाटकाजवळ, पुलाजवळ, फळवाल्यांना, रिक्षावाल्यांना विचारलं. कुणाला लागलं, कुणी पडलं, असं कुणी सांगितलं नाही. हायसं वाटायला हवं होतं. मी गमछा धुतला, घडी घातली आणि ठेवून दिला. टाकवत नाही. देवासमोर रोज संध्याकाळी रामरक्षा म्हणतो, तेव्हा त्या माणसासाठीही हात जोडतो. तो आहे की नाही, मला माहीत नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मीच त्यांना नेलं होतं. काचबिंदू आहे. समोरचं थोडं दिसतं, डावीकडचं जवळजवळ गेलेलं आहे. डॉक्टरांनी गाडी बंद करा म्हणून स्पष्ट सांगितलं, दोघांनाही. दादा बाहेर येऊन विनीताला म्हणाले, "चष्म्याचा नंबर वाढलाय." ती माझ्याकडे बघत होती. मी मान डोलावली.

हे सगळं तू फार आधी बोलला होतास. "दादा, तुम्हाला दिसत नाही, गाडी विका." आणि ते म्हणाले होते, "तुला दिसतंय ना? मग दार कुठे आहे तेही दिसत असेल." तू गेलास तो गेलासच. मी तेव्हा तिथेच उभा होतो. माझी बदली इथे झाली तेव्हा त्यांनी आपण होऊन या घरात ठेवून घेतलं, जावयासारखं नाही, मुलासारखं. त्या ओझ्याखाली माझी जीभ उचलत नाही.

आणि आता दसरा. तुला त्यांचं सीमोल्लंघन आठवत असेल. आपटा इथे मिळत नाही म्हणून कांचनाची पानं, चाकांखाली लिंबं, आणि नवीन पुलावरून गाडी हावड्याला नेऊन आणायची. आई होत्या तोवर शेजारी त्या बसायच्या. त्या गेल्यापासून विनीता बसते. त्याच दुपारी इथे दुर्गेचं विसर्जन सुरू होतं. ट्रकवर मूर्ती, पुढे-मागे नाचणारी माणसं, कडेवर मुलं, सगळा रस्ता घाटाकडे चाललेला. त्या गर्दीत ते गाडी घालणार, आणि डावीकडे, ज्या बाजूचं त्यांना दिसत नाही, तिथे विनीता बसलेली असणार.

तू ये. तू एकदा बोललेला आहेस. मला तुझ्या शेजारी उभं राहता आलं तर मीही बोलेन.

वाट बघतो आहे.

मधुकर


॥ श्री ॥

खिदिरपूर, कोलकाता
खंडेनवमी, १ ऑक्टोबर

प्रिय विहंग,

पूजेच्या सुट्ट्यांत टपाल अडकतं. हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा दसरा होऊन गेलेला असेल. तरी लिहितो. जे घडलं ते माझ्या हातून लिहिलेलं तुझ्याकडे असावं.

शनिवारी दादांना थंडी वाजली म्हणून त्यांनी पांघरूण काढायला माझं कपाट उघडलं. नवा कॉलम त्यांच्या हाती लागला. मला हाक मारून म्हणाले, "हे काय रे? भाग तर आलाय." मी म्हटलं, "दसऱ्याला तुम्हाला एकदम दाखवणार होतो." विहंग, त्यांचा चेहरा इतका उजळला. म्हणाले, "तू पण ना, लहान मुलासारखा."

रविवारी बसवायला घेतला. ते शेजारी स्टुलावर, हातात टॉर्च. उजेड भलतीकडेच पडत होता, आणि मी "हं, दिसतंय" म्हणत चाचपून काम करत होतो. कॉलम खाली पॅडलजवळ एका सांध्यात बसतो. त्या सांध्याला आडवा एकच बोल्ट असतो, तो सगळं घट्ट धरतो. तो बोल्ट मी लावला नाही. खिशात टाकला. माझा हिशोब असा की बोल्ट नसला की चाक नुसतं गरगर फिरेल, टायर वळणार नाहीत, मग मी म्हणेन, भाग चुकीचा आला, परत न्यावा लागेल.

वरचं चाक दादांनी स्वतः बसवलं. फिरवलं. टायर वळले.

सांध्याच्या आतले दाते नवे, घट्ट. बोल्टाशिवायही धरून राहिले. ते असे गल्लीभर धरतील, कदाचित पुलापर्यंतही धरतील. एखाद्या खड्ड्यात सुटतील. दादांनी चाक इकडून तिकडे पुन्हा फिरवलं आणि म्हणाले, "वळतंय की रे, मधुकर. लोण्यासारखं वळतंय." माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात डोक्यावर असताना मला तोंड उघडता आलं नाही. त्या संध्याकाळी मनात एक विचार येऊन गेला, तो मी लिहीत नाही. रामरक्षा अर्ध्यात विसरलो. लहानपणापासून असं कधी झालं नव्हतं.

आज खंडेनवमी. दादांनी पहाटेच सगळे पाने, पकडी, पेचकस पुसून पाटावर मांडले. आता उद्या पूजा उतरेपर्यंत हत्यारांना हात लावायचा नाही, हे त्यांच्या आणि माझ्या दोघांच्याही घरचं वळण. मग मला एक सुचलं. बोलणं जमत नव्हतं, म्हणून मी खिशातला बोल्ट काढला आणि पाटाच्या डाव्या कडेला, पान्यांच्या ओळीत ठेवला. ज्या माणसाने जन्मभर इंजिनं खोलली त्याला तो कुठला हे सांगावं लागणार नाही. दिसला तर ते मला विचारतील, मी सगळं सांगेन. नाही दिसला, तर तेच उत्तर.

दादा एकेका पान्याला आधी डाव्या हाताने चाचपत आणि उजव्या हाताने हळद-कुंकू लावत. कडेला आले तेव्हा बोटाला बोल्ट लागला आणि घरंगळत खाली पडला. ते म्हणाले, "विनीता, सुपारी पडली बघ. उचलून ठेव."

विनीताने उचलला. बोल्टाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग पानावर सुपारीशेजारी ठेवला. दादांनी दोन्हींना कुंकू लावलं आणि आरती सुरू केली.

जेवणं झाल्यावर दादा आडवे झाले, तेव्हा ती स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "अहो, कशाचा आहे तो?"

मी सांगितलं.

"आणि उद्या शेजारी मी बसणार होते." भांडी विसळत होती, हात थांबले नाहीत. "मला कधी सांगणार होतात? लिंबं चिरडल्यावर?"

"सांगणार होतो."

"विहंग बोलला, त्याला दार दाखवलं. तुम्ही गप्प बसलात, तुम्हाला आशीर्वाद मिळाला. आणि मी तुम्हाला शहाणं म्हणत होते." मग पदराला हात पुसून म्हणाली, "डॉक्टरकडून आलात तेव्हाच मला कळलं होतं. मलाही सोयीचं होतं न कळणं."

मी खाली घराच्या गॅरेजमध्ये गेलो. पाने देवापुढे होते, पण डिकीतली जॅकची दांडी पूजेत ठेवायची राहिली होती. ती घेऊन पॅडलखाली आडवा झालो आणि सांधा दांड्यावरून ठोकून सरकवला. आता चाक नुसतं फिरतं. गाडी वळणारच नाही. उद्या विनीता तिच्यात बसणार नाही, घाटाकडे जाणारं कुणाचं मूल तिच्यासमोर येणार नाही. एवढं तरी नक्की झालं.

पण दादा चाक हातात घेतील आणि पहिल्याच फेऱ्यात त्यांना कळेल. डोळ्यांना कळणार नाही, हातांना कळेल. झीज कशी असते आणि कुणी मुद्दाम केलेलं कसं असतं, यातला फरक त्यांचे हात अजून चुकत नाहीत. आणि गॅरेजची किल्ली त्यांच्याखेरीज फक्त माझ्याकडे असते.

मग मी तुझंच वाक्य म्हणणार आहे, शब्द न बदलता. दादा, तुम्हाला दिसत नाही. आणि गमछा त्यांच्या हातात ठेवणार आहे. त्यानंतर या घरात काय होईल ते मला दिसत नाही. ते ओरडले तर मी ऐकून घेईन. बाहेर काढलं तर भाड्याची खोली बघेन. भीती त्याची नाही. ते काहीच बोलले नाहीत, चाकावरचे हात नुसते मांडीवर ठेवून बसून राहिले, तर मी काय करावं, हे मला कुणी शिकवलेलं नाही.

बोल्ट या पाकिटात ठेवला आहे. देवापुढून उचलला, त्याचा दोष माझ्याकडे. कुंकू पुसलेलं नाही. तो तुझ्याकडे असेपर्यंत ही गाडी माझ्या हातून जोडली जाणार नाही. कधी तरी घेऊन ये. ये एवढंच.

दादा उठलेले दिसतात. काठीचा आवाज जिन्यावरून खाली गेला, गॅरेजचं दार वाजलं. रोज या वेळेला ते थोडा वेळ गाडीत जाऊन बसतात. विनीता हवी असली की दोनदा हॉर्न देतात, मी हवा असलो की एकदा. ती दाराशी येऊन उभी आहे. खाली ढाक वाजतो आहे, त्यामुळे नीट ऐकू येत नाही.

हॉर्न एकदाच वाजला.

गमछा घेऊन खाली जातो.

तुझ्यामागे उशिरा उभा राहिलेला,
मधुकर