ड्रायव्हर तंबूबाहेर

खर्डी, बुधवार

प्रिय सुनिल,

फोनवर तू मला वाक्य संपवू देत नाहीस, म्हणून हे पत्र. मुरबाडकडच्या काही बायकांच्या घरी तू दिव्यांचे तंबू लावणार आहेस आणि त्यांत मेथी-मोहरीची कोवळी पानं पिकवून मुंबईच्या हॉटेलांना पाठवणार आहेस, हे तुझ्या शीतलने सांगितलं. दोन पानांच्या मेथीला इंग्रजी नाव दिलं की तिचा भाव चढतो, हे तू बरोबर ओळखलंस. तानसाचं पाणी मुंबई आधीच पिते. आता आपली मेथीही वयात यायच्या आत नेईल. ते असो. पण ऑर्डर द्यायच्या आधी हे शेवटपर्यंत वाच. तंबू कोणाच्या घरात जाणार, ते बघून सामान निवडायचं असतं.

जांभळे दिवे घेऊ नकोस. शेत बंगलेवाल्यांना गेलं आणि तू आबांसाठी तंबू पाठवलास, तेव्हा आधी तेच लावले होते. रोप पिवळं पडलंय की हिरवं, काही कळायचं नाही. भिमीमावशी दारातून डोकावून आबांना म्हणाली, "वाळूदादा, म्हातारपणी बार काढलास का रे?" आबा आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत. मग शहापूरच्या बाजारातून मी पांढरे आणले. खोक्यावरचे हजार वॅट म्हणजे लग्नाच्या बायोडाटातला पगार. खरी वीज किती खातो ते दुकानदाराला खोदून विचार.

दिवा गेला तर बदलता येतो, खरं लक्ष ड्रायव्हरकडे दे. घरातली वीज दिव्याला सोसेल अशी करून देणारा तो डबा. दिव्याला लागेल तेवढाच करंट देणारा, पाणी शिरणार नाही असा पूर्ण बंद, आणि आपल्याकडचं व्होल्टेज संध्याकाळी ज्या उड्या मारतं त्या सोसणारा घे. आपला होता तो उघड्या स्क्रूंचा. तू म्हणाला होतास, चालेल ताई, तंबूबाहेरच तर टांगायचाय.

बाहेरच टांगला होता. पण चैत्र लागला आणि आबांचे हात शिवशिवायला लागले. शेण, पाला, फांद्या पसरून जमीन भाजायची आणि मग त्या राखेत भाताचं बी टाकायचं. जन्मभर असा राब भाजलेल्या माणसाला तू थंडगार ट्रे दिलेस. ड्रायव्हर हाताला गरम लागला आणि आबांना त्यात राब दिसला. त्यांनी तो काढून ट्रेच्या खाली, लोखंडी मांडणीवर ठेवला. मी बाहेर टांगला, त्यांनी आत नेला. मी पुन्हा टांगला. "तुला शाळा ठावी गो पोरी, राब नाय. भाजल्याबिगर रोप उभं ऱ्हात नाय," म्हणत त्यांनी पुन्हा आत नेला. आणि रोपं खरंच तरारली. फोटो बघून तूच म्हणालास, आबांनी कंपनीला मागे टाकलं.

आबांच्या दहाव्याला तू पाहुण्यांना सांगत होतास, निदान तंबूने म्हाताऱ्याचं शेवटचं वर्ष हिरवं केलं. मी चहाचे कप उचलत होते. तंबू कुठंय, असं तू विचारलंस. बघवत नव्हता म्हणून काढला, असं मी म्हटलं. आबांचं हृदय थांबलं, हे मी सगळ्यांना सांगितलं ते खोटं नाही. का थांबलं, एवढंच गाळलं. सकाळी ते रोपांना पाणी घालायला गेले होते. मी पोचले तेव्हा झारी ट्रेवर आडवी होती, पाणी खालच्या ड्रायव्हरवर ठिबकत होतं आणि त्यांचा हात मांडणीला चिकटला होता. मेन स्विच पाडला तेव्हा सुटला.

हे तुला कधीच कळू द्यायचं नव्हतं. तंबू तू पाठवलास, हे तू स्वतःला मरेपर्यंत ऐकवत राहशील. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. पण काल शीतलने बायकांची नावं वाचून दाखवली. धोंडीबाई, सकुबाई, ताराबाई, सगळ्या राब भाजत म्हाताऱ्या झालेल्या. डब्याला हात लावतील, गरम लागेल, आणि उचलून रोपांखाली ठेवतील. तुझं सूचनांचं पत्रक चूल पेटवायला जाईल. म्हणून ड्रायव्हर खोलीच्याही बाहेर, उंच, भिंतीत पक्का ठोक. अर्थिंग कर, वीज गळताच पडणारा स्विच बसव. एवढं होत नसेल तर तंबू नेऊ नकोस. आणि बाहेर का, असं त्या विचारतील तेव्हा वॅट-व्होल्टेज सांगत बसू नकोस. आबांचं सांग. आपल्याकडची म्हातारी माणसं सूचना ऐकत नाहीत. कोण कसं गेलं, ते मात्र हातातलं काम ठेवून ऐकतात.

रडून झालं की ये. कुणावर ओरडावंसं वाटलं, तर मी आहे.

तुझीच,
प्रेमाताई