तुमच्या दाराला नवं कुलूप

अण्णा, आज तुमच्या दाराला मी ड्रिल लावलं. आईच्या खोलीचं सागवानी दार, तुम्ही स्वतः रंधा मारून, जोडून बसवलेलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, दिंद्रुडचं सुतारकामाचं दुकान तुमच्यामागं मी, तुमची लेकच, चालवते, गावातली कितीतरी दारं मी बसवली. पण या एका दाराला हत्यार लावायची हिंमत होत नव्हती.

लावावं लागलं, कारण मागच्या आठवड्यात आईनं भरदुपारी आतून कडी घातली आणि ती काढायची कशी तेच विसरली. हल्ली तिचं असं होतं. मी बाहेरून सांगतेय, "आई, कडी वर उचल आन् मागं वढ," आणि ती आतून विचारतेय, "कडी म्हंजी कोन्ती गं?" दीड तास हेच चाललं. शेवटी मी खिडकीचे स्क्रू काढले, जाळी उतरवली आणि आत शिरले. ती पलंगावर बसलेली, पदर घामानं चिंब. मला बघून म्हणाली, "मला वाटलं, मला कोंडून समदे गेले." तेव्हाच ठरवलं, ही कडी काढायची आणि बाहेरूनही किल्लीनं उघडेल असं गोल कुलूप बसवायचं.

अडचण होती ती भोकाची. तुम्ही जुन्या कुलपासाठी इंचभराचं भोक पाडलेलं. नव्याला दोन इंचांहून मोठं लागतं. होल सॉ म्हणजे दात असलेली वाटीच. तिच्या मधोमध एक बारीक ड्रिल असतं, ते आधी लाकडात रुततं आणि वाटीला जागेवर धरून ठेवतं. पण जिथं आधीच भोक आहे, तिथं ते मधलं ड्रिल हवेत फिरतं आणि वाटी मन मानेल तिकडं घसरते. हे मी कसं शिकले ते तुम्हाला माहीतच आहे.

तेव्हा मी तेवीस वर्षांची. तलवाड्याहून, सासरहून, एक पिशवी घेऊन परत आले होते. "पटलं नाही," एवढंच सांगितलं. आई रडली, शेजारच्या बायका रोज काहीतरी निमित्त काढून यायच्या. तुम्ही काहीच विचारलं नाही. महिन्याभरानं एका सकाळी चहा पिता पिता म्हणालात, "घरात बसून काय करती? दुकानात चल." आधी पॉलिश, मग रंधा, मग मशीन. लोक बघत राहायचे, तुम्ही तुमचं काम करत राहायचात.

परळीच्या एका व्यापाऱ्यानं मुलीच्या लग्नासाठी कपाट सांगितलं होतं. कपाट तयार झालं आणि त्यानं कुलूप बदलायला लावलं, भोक मोठं करायची वेळ आली. तुम्ही जेवायला घरी गेलात. मला वाटलं, तुम्ही यायच्या आत उरकून टाकू. वाटी त्या भोकावर ठेवली आणि बटण दाबलं. मशीननं हिसका दिला, आणि कपाटाच्या दाराच्या पॉलिश केलेल्या पल्ल्यावर चार बोटं लांबीचा वाकडा चरा पडला. मी घाबरून भुसा नि सरस कालवून तो भरला, वरून पॉलिश फिरवलं. तेवढ्यात तुम्ही आलात, आणि तुमच्यासोबत तो व्यापारीही.

तुमचा अंगठा पल्ल्यावरून फिरला आणि तिथंच थांबला. तुम्ही काही म्हणायच्या आत व्यापारीच बोलला, "मिस्त्री, बाईच्या हातात मशीन दिल्यावर दुसरं काय हुनार?"

"पल्ला नवा करून देतो," तुम्ही म्हणालात. "पन करनार हीच. पटत नसंल तर कपाट दुसरीकडं सांगा."

तो तोंड वाकडं करून बसस्टँडकडं गेला. मग तुम्ही माझ्याकडं वळलात. इतका चढलेला आवाज मी तुमचा कधी ऐकला नव्हता. "चरा पडला त्याचं काय न्हाई, लाकूड हाय ते. झाकलंस कावून?"

मी खाली बघत उभी. मग तुम्ही हळू विचारलंत, "तिकडचंबी असंच झाकलं व्हतंस ना?"

मी डाव्या हाताची बाही वर सरकवली. दोन वर्षं मी जे व्रण आईलाही दाखवले नव्हते, ते तुम्ही भुशात उभं राहून पाहिलेत. कानावरची पेन्सिल काढून हातात धरलीत, परत कानावर ठेवलीत. डोळे पुसले की भुसा झटकला, ते मला आजही सांगता येणार नाही. मग एक तुकडा उचलून कानशीनं गोल करायला बसलात आणि म्हणालात, "हिकडं बघ. भोक आदी भरायचं, मग मोठं करायचं. मदल्या ड्रिलला धरायला कायतरी पायजे."

नवा पल्ला मीच केला. व्यापाऱ्यानं मुकाट्यानं नेला. पुढच्या वेळी परळीहून आलात तेव्हा तुमच्या पिशवीत पत्र्याच्या डबीतला होल सॉचा नवा संच होता. "ही तुझी. मी हात लावनार न्हाई," म्हणालात, आणि खरंच कधी लावला नाहीत.

आज सागवानाचाच तुकडा घेतला, गुल्ली कोरली, सरस लावून भोकात ठोकून बसवली. ती वाळल्यावर मध्य काढला. निम्मं एका बाजूनं कापलं. पलीकडं ड्रिलचं टोक दिसताच थांबले आणि उरलेलं दुसऱ्या बाजूनं, म्हणजे कड उचकटायला नको. वाटीत लाकडाची चकती आली, तिच्या पोटात माझी गुल्ली. तुमच्या दारावर कुठंही ओरखडा नाही. कुलूप पहिल्या फटक्यात बसलं.

मी किल्ली फिरवून बघत होते, तर आई पलंगावरून म्हणाली, "मशीनचा आवाज आला. ते आले व्हय?"

मागं एकदा मी तिला खरं सांगितलं होतं. ती अशी रडली, जणू तुम्ही त्याच सकाळी गेलात. आणि तासाभरानं पुन्हा विचारलं, "ते आले व्हय?"

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून तुम्हालाच सांगते, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. मी म्हणाले, "आलते ना. कुलूप बसवलं आन् परळीला गेले, लाकूड आनायला."

"जेवून तरी जायाचं," ती म्हणाली.

"येतो म्हनाले संध्याकाळी," मी म्हणाले. आणि अण्णा, ते म्हणताना मलाही थोडा वेळ बरं वाटलं.